स्तनाखालच्या घडीतले चट्टे: ओळखायचे कसे, सुकवायचे कसे

स्तन जिथे बरगड्यांना टेकतो तिथे त्वचेला त्वचा घासत राहते. घाम येतो, पण तो उडून जायला वाट नसते. धुणे धुताना तासभर पाण्यात राहिलेली बोटे पांढरट, मऊ आणि सुरकुतलेली होतात, तसेच घडीतल्या त्वचेचे होते. इथे मात्र घर्षण दिवसभर चालूच असते. मऊ पडलेला वरचा थर सोलवटतो, आग होते, आणि मग आपल्याच अंगावर एरवी निमूट राहणारी बुरशी आणि जिवाणू तिथे मुक्काम ठोकतात. डॉक्टर याला इंटरट्रायगो म्हणतात. घरात आपण 'छातीखाली काचलंय', 'लाल झालंय', 'चुरचुरतंय' असे म्हणतो.

यातला क्रम लक्षात ठेवायचा. आधी ओल आणि घर्षण, नंतर जंतू. उपचारही याच क्रमाने करावे लागतात, आणि बहुतेक घरांत नेमके उलटे होते. केमिस्टकडून एक ट्यूब येते, ओल्या घडीत फासली जाते, चार दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात चट्टा दुपटीने परततो.

हा त्रास अस्वच्छतेचा पुरावा नाही. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्या बाईलाही तो होतो, आणि अंग नीट कोरडे न करता घाईने कपडे चढवले तर त्या दोन आंघोळींमुळेच वाढतो. स्तन मोठे किंवा ओघळलेले असणे, वजन जास्त असणे, मधुमेह, बाळंतपण, पाळी जातानाच्या काळातले घामाचे लोट आणि दमट हवा यांनी शक्यता वाढते. मुंबई, कोकण आणि गोव्यात मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत हा त्रास जोरात असतो. विदर्भात कडक उन्हाळ्यापेक्षा जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा जास्त छळतो.

आधी नीट बघा

ही जागा स्वतःला सहज दिसत नाही, म्हणून पहिले काही दिवस नुसत्या खाजेवर निभावले जाते. उजेडात पाठीवर झोपा, ज्या बाजूचे बघायचे तो हात डोक्यावर घ्या आणि दुसऱ्या हाताने स्तन वर उचलून आरशात पाहा. आरसा धरायला हात उरत नसेल तर खुर्चीवर टेकवून ठेवा. फोनने फोटो काढला तर दर तीन-चार दिवसांनी तुलना करता येते आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो. दोन्ही बाजू बघा, आणि त्याच वेळी काखा, जांघा, पोटाची घडी, बेंबी आणि परकराच्या नाडीची जागाही बघून घ्या.

'लालसर चट्टा' हे वर्णन गोऱ्या कातडीवरून आलेले आहे. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो लाल दिसेलच असे नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसू शकतो. रंगापेक्षा चमक, ओलसरपणा, बारीक चिरा, सोलवटलेली कड आणि हात लावल्यावरची आग या खुणा जास्त भरवशाच्या.

कोणता चट्टा आहे?

सगळ्यांत साधा प्रकार नुसत्या काचण्याचा. घडीच्या दोन्ही पाकळ्यांवर समोरासमोर, जणू आरशातले प्रतिबिंब, असा एकसारखा लालसरपणा असतो. कड धूसर असते, पू नसतो, वास नसतो. आग जास्त आणि खाज कमी. दोन-तीन दिवस घडी कोरडी ठेवली की उतार पडतो.

त्यावर कॅन्डिडा नावाची बुरशी चढली की चित्र बदलते. चट्टा गडद आणि ओलसर होतो, घडीच्या तळाशी पांढरट लगदा साचतो किंवा चीर पडते, आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर, थोडे अंतर सोडून, मोहरीएवढे लाल ठिपके किंवा बारीक पुटकुळ्या उठतात. हे विखुरलेले ठिपके कॅन्डिडाची सगळ्यांत चांगली खूण. खाज आणि आग दोन्ही असतात. मधुमेह, नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स आणि स्टेरॉईडच्या गोळ्या यांमुळे हा प्रकार वाढतो.

गजकर्ण वेगळे. त्यातही बुरशीच असते, पण दुसऱ्या कुळातली. चट्टा गोलाकार किंवा नकाशासारखा पसरतो. कड उंचावलेली, खवलेदार आणि जास्त खाजरी असते, आणि मधला भाग तुलनेने निवळलेला दिसतो. तो घडीत न थांबता पोटाकडे किंवा पाठीकडे सरकतो. जांघेत किंवा कमरेवर तसाच चट्टा असेल, घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर गजकर्णाची शक्यता बळावते. हा भेद पुस्तकी नाही, कारण पुढे मलम निवडताना आणि किती दिवस लावायचे हे ठरवताना तोच कामाला येतो.

जिवाणूंचा संसर्ग झाला तर दुखते, ठणकते, पाणी किंवा पू झरतो, दुर्गंधी येते, पिवळी खपली धरते. याउलट एरिथ्राझ्मा नावाचा एक शांत जिवाणू-चट्टा असतो. तो विटकरी-तपकिरी आणि सपाट असतो, त्यावर बारीक कोंडा असतो, पण खाज जवळजवळ नसते. वर्षभर तसाच पडून राहतो आणि बाई समजते की काळे डाग आहेत.

आता जे घडीत असते पण घडीचे नसते त्याविषयी. चट्टा घडीच्या तळाशी नसून नेमका ब्राच्या इलॅस्टिकच्या रेषेत असेल, पाठीवर हुकाच्या जागीही असेल, तर ती रबराची, रंगाची किंवा हुकातल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. गुळगुळीत, चकचकीत, आखल्यासारख्या स्पष्ट कडेचा चट्टा बुरशीच्या मलमाला महिनाभर दाद देत नसेल तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. घडीतल्या सोरायसिसवर खवले जवळपास नसतात, म्हणून तो हमखास चुकतो. कानामागे, टाळूवर, कोपरांवर आणि नखांत त्याच्या खुणा शोधाव्यात. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवतीही पुटकुळ्या आहेत, घरातल्या इतरांनाही खाज आहे, असे असेल तर ती खरूज. काखेत आणि जांघेतही वारंवार खोल, दुखऱ्या गाठी येऊन फुटत असतील आणि व्रण राहत असतील तर तो हायड्राडेनायटिस. त्याला घडी सुकवून भागत नाही, त्वचारोगतज्ज्ञच लागतात.

आणि नागीण. फक्त एका बाजूला, स्तनाखालून पाठीकडे पट्ट्यासारखी जाते आणि मध्यरेषा ओलांडत नाही. बहुधा आधी एक-दोन दिवस जळजळ किंवा सणक येते, मग पुंजक्याने पाण्याचे फोड. तिच्या गोळ्या फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यांत उपयोगी पडतात. इथे मलम लावून 'बघू' म्हणण्यात नेमके तेच तास जातात.

सुकवण्याचे काम

पुढचे सगळे यावरच उभे आहे, म्हणून ते सविस्तर.

आंघोळीला कोमट पाणी घ्या. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमते आणि नंतर वाढते. साध्या वडीचा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे चट्टा असेपर्यंत घडीत साबण न लावता नुसते पाणी वापरावे, किंवा सौम्य, बिनवासाचा द्रव क्लिन्झर वाटाण्याएवढा. लावलाच तर पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण घडीत अडकलेला फेस दिवसभर चुरचुरतो. पाण्यात डेटॉल-सॅव्हलॉन घालू नका. सोलवटलेल्या त्वचेला ते भाजते.

पुसताना घासायचे नाही, टिपायचे. घडीसाठी एक मऊ सुती पंचा वेगळा ठेवा. गजकर्ण असेल तर तो दुसऱ्या कोणी वापरायचा नाही आणि तुम्हीही तो रोज धुऊन वाळवायचा.

टिपून झाले की त्वचा कोरडी वाटते, पण नसते. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर, 20 ते 30 सेंटीमीटर अंतरावरून, प्रत्येक बाजूला एक ते दोन मिनिटे. गरम हवेचे बटण वापरायचे नाही, कारण दाह झालेली त्वचा त्याने भाजू शकते. ड्रायर नसेल तर पंख्याखाली पाठीवर झोपा, दोन्ही हात डोक्यावर घ्या आणि पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहा. स्तन मोठे असतील तर हाताने एकेक बाजू उचलून धरा. सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री झोपण्याआधी हे व्हायलाच हवे. उकाड्यात दुपारी तिसऱ्यांदा. सकाळच्या घाईत ही दहा मिनिटे काढणे सोपे नसते, हे खरे. पण मलमावरचा निम्मा खर्च आणि निम्मा वेळ इथेच वाचतो.

घडीतून पाणी झरत असेल तर त्यावर थेट दाट मलम थापू नका. आधी सलाईनच्या ओल्या घड्या ठेवा. अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात जेमतेम एक छोटा चमचा (साधारण 4.5 ग्रॅम) मीठ घाला, पूर्ण थंड होऊ द्या. स्वच्छ मलमलचा तुकडा त्यात बुडवून हलका पिळा आणि दहा मिनिटे ठेवा. दिवसातून दोन-तीन वेळा, दोन दिवस. पाणी रोज नवे करा. घडी काढल्यावर पुन्हा टिपणे आणि वारा देणे आलेच. पाणी झरणे थांबले की घड्या बंद करायच्या, नाहीतर त्वचा पुन्हा भिजून मऊ पडते.

मधला कपडा

सुकवलेल्या घडीत त्वचेला त्वचा टेकू नये म्हणून मध्ये कपडा ठेवायचा. जुन्या सुती साडीचा, धोतराचा किंवा मलमलचा, खूप वेळा धुतलेला मऊ तुकडा उत्तम. सुमारे 30 सेंटीमीटर लांब, 10 ते 12 सेंटीमीटर रुंद, एकेरी, शिवण किंवा काठ नसलेला. तो घडीच्या तळापर्यंत सपाट सरकवा आणि दोन-तीन सेंटीमीटर कड घडीबाहेर दिसू द्या. शोषलेली ओल त्या बाहेरच्या कडेतून उडते. कपडा पूर्ण आत कोंबला तर ओल आतच राहते आणि ओल्या पोटिसासारखा तो त्रास वाढवतो.

सुती कापड ओल शोषते तशी धरूनही ठेवते. म्हणून हाताला दमट लागला की बदला. ऑफिसला जाणारीने पर्समध्ये तीन-चार तुकडे एका पिशवीत आणि वापरलेल्यांसाठी दुसरी पिशवी ठेवावी. दुपारच्या सुट्टीत एकदा टिपून बदलले तरी फार फरक पडतो. टिश्यू पेपर वापरू नका, तो ओला होऊन फाटतो आणि त्याचे गोळे घडीत घासतात.

मलम: कोणते, किती, किती दिवस

नुसते काचलेले असेल तर औषधी मलम लागतच नाही. कोरड्या त्वचेवर झिंक ऑक्साईडचे मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर घर्षण रोखतो. थर पातळ म्हणजे त्वचा खालून दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी झिंकचे पांढरे थर खरवडून काढू नका, कापसाला दोन थेंब खोबरेल लावून अलगद पुसा.

कॅन्डिडाची लक्षणे असतील तर क्लोट्रिमॅझोल 1 टक्का किंवा मायकोनॅझोल 2 टक्के, दिवसातून दोनदा. हे शब्द खोक्यावरच्या बारीक अक्षरांत शोधा, आणि त्या मलमात तेवढे एकच औषध आहे याची खात्री करा. चट्टा आणि त्याभोवतीची दोन सेंटीमीटर चांगली दिसणारी त्वचा, एवढ्या भागावर लावा. आठवड्यात उतार दिसायला हवा. एकूण दोन ते चार आठवडे लागतात आणि दिसेनासे झाल्यावरही एक आठवडा चालू ठेवावे लागते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेत असाल तर मायकोनॅझोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टर्बिनाफिन हे बुरशीवरचे दुसरे औषध कॅन्डिडावर फारसे चालत नाही.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची एक पट्टी काढली की साधारण अर्धा ग्रॅम होते, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही बाजूंच्या घड्या मिळून एवढी एक पट्टी बहुधा पुरेशी. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, म्हणजेच 15 ग्रॅमची ट्यूब जेमतेम दोन आठवडे जाते. एकच ट्यूब तीन महिने पुरत असेल तर उपचार चाललेलाच नाही. उलट भराभरा संपत असेल तर थर दाट होतोय आणि घडी त्यानेच ओली राहतेय.

मलम आणि पावडर एकावर एक लावू नका, त्याचा लगदा होतो. बुरशीविरोधी मलम आणि झिंक दोन्ही लावायचे असेल तर आधी औषधी मलम, दहा-पंधरा मिनिटांनी झिंक. क्लोट्रिमॅझोलची पावडर चट्टा बरा झाल्यावर, पूर्ण कोरड्या त्वचेवर, पुन्हा होऊ नये म्हणून चांगली. साधी टाल्कम पावडर घामात भिजली की तिचे कण गोळा होऊन घासतात. अनेक घरांत तीच पहिली मदत समजली जाते.

गजकर्णाच्या बाबतीत आमचा सल्ला स्पष्ट आहे: स्वतः उपचार करत बसू नका. भारतात गेल्या दशकात हट्टी गजकर्णाची मोठी साथ पसरली आहे. तिच्यामागच्या बुरशीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले, आणि तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. पोटातून औषध, बहुतेकदा इट्राकोनॅझोल, आणि सोबत मलम असे काही आठवडे घ्यावे लागते. मात्रा आणि मुदत डॉक्टरच ठरवतील, कारण इट्राकोनॅझोलचे इतर अनेक औषधांशी जमत नाही, आणि हृदय किंवा यकृताचा विकार असेल तर धोका असतो. घरातल्या ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हावा, नाहीतर चट्टा घरातल्या घरात फिरत राहतो.

हे लावू नका

सगळ्यांत जास्त नुकसान करतात ती 'तीन-चार औषधे एकत्र' असलेली मलमे. त्यांत बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि सोबत क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोनसारखे स्टेरॉईड असते. स्टेरॉईडने दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते मलम चांगले वाटते. पण ते त्वचेची बुरशीशी लढण्याची ताकद दाबते. वरून चट्टा फिका पडतो, आतून पसरतो, त्याची कड हरवते आणि पुढे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. घडीत त्वचा पातळ असते आणि झाकलेली राहते, म्हणून औषध तिथे जास्त मुरते. काही आठवड्यांत त्वचा विरते आणि ताणल्याचे पट्टे पडतात. ते पट्टे कायमचे असतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमे शेड्यूल एच खाली आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती मिळू नयेत. तरी गल्लीच्या दुकानात सहज मिळतात. खोक्यावर नावाच्या शेवटी '-सोन' किंवा '-सोल' असलेले काही दिसले तर विचारा. मात्र '-सोल' आणि '-झोल' यांत गल्लत करू नका: क्लोट्रिमॅझोल बुरशीचे औषध आहे, क्लोबेटासोल स्टेरॉईड. नाव पूर्ण वाचायचे. डॉक्टरांनी कारणाने, थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉईड दिले असेल तर गोष्ट वेगळी. ते त्यांनी सांगितलेल्या दिवशी थांबवा.

घरगुती उपायांत लसूण, लिंबू, खायचा सोडा आणि व्हिनेगर यांनी सोलवटलेल्या त्वचेवर रासायनिक भाजणे होते. खाज-खुजलीवरच्या झणझणीत लोशनांचेही तेच. हळद आणि कडुनिंबाचा लेप घडीत सुकून खरखरीत होतो, ओल धरतो आणि रंगामुळे खालचा चट्टा दिसेनासा होतो. खोबरेल बुरशी बरी करत नाही. कोरड्या, न झरणाऱ्या त्वचेवर काचणे रोखायला पुसटसे लावायला हरकत नाही, ओल्या घडीत मात्र ते घाम कोंडते.

ब्रा

'घरी असताना ब्रा काढून टाका' हा सल्ला सरसकट दिला जातो. लहान स्तन असतील तर तो बरोबर आहे. ओघळलेल्या किंवा जड स्तनांच्या बाबतीत ब्रा काढली की घडी पूर्ण मिटते आणि काचणे वाढते. अशा वेळी घरात सैलसर पण उचलून धरणारी, तारेशिवायची सुती ब्रा, किंवा ब्रा नको असेल तर मधला कपडा वापरावा. झोपताना ब्रा काढा आणि कपडा ठेवा.

ब्राचा खालचा पट्टा नेमका घडीच्या तळाशी बसून स्तनाला बरगड्यांपासून वर उचलतो की नाही, हे बघायचे. पट्टा पाठीमागे वर सरकत असेल तर पुढून स्तन खाली येतो आणि घडी मिटते. म्हणजे पट्टा सैल आहे, खांद्याच्या पट्ट्या कितीही आवळल्या तरी उपयोग नाही. नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, आणि पट्टा पुढे-मागे एकाच पातळीत हवा. मापाच्या टेपने स्तनाखालचा घेर घट्ट आणि स्तनाच्या सर्वांत भरलेल्या जागेवरचा घेर सैल मोजा. दोन्हींत जितक्या इंचांचा फरक तितका कपाचा क्रमांक, म्हणजे 1 इंचाला ए, 2 ला बी, 3 ला सी, 4 ला डी. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून घालून बघणे उत्तम. खालच्या घेरात चार इंच मिळवून माप सांगण्याची जुनी पद्धत अजून दुकानांत आहे. तिने पट्टा सैल होतो आणि नेमका हा त्रास वाढतो.

जाड फोमची ब्रा घाम शोषते आणि पावसात दोन दिवस वाळत नाही. चट्टा असेपर्यंत ती बाजूला ठेवा. पावसाळ्यात किमान पाच-सहा सुती ब्रा फिरत्या असाव्यात, कारण अर्धी ओली ब्रा अंगावर वाळवणे हे दरवर्षीच्या त्रासाचे ठरलेले कारण आहे. साडीखाली किंवा टॉवेलखाली लपवून वाळत घालू नका. उजेडात, वाऱ्याला, शक्य तर उन्हात. दमट राहिलीच तर शिवणीवरून आणि पट्ट्याच्या सुती भागावरून उलट बाजूने इस्त्री फिरवा, इलॅस्टिकला जास्त उष्णता लावू नका. धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. बुरशीचा संसर्ग असेल तर कपडे सोसेल तितक्या गरम, शक्य असल्यास 60 अंशांच्या पाण्यात धुवा. ब्लाऊजला अस्तर असेल तर ते सुतीच हवे.

बाळंतीण, म्हातारी माणसे, मधुमेह

बाळंतिणीच्या घडीत घामासोबत दूध उतरते आणि मालीशचे तेल साचते. मालीशवाल्या बाईंना स्तनाखाली तेल न लावण्याबद्दल आधीच सांगा, शेक घेतल्यावर घाम टिपा आणि प्रत्येक पाजण्यानंतर घडीत हात फिरवून ओल बघा. घडीला लावलेले मलम स्तनाग्रापर्यंत जाऊ देऊ नका. पाजताना स्तनाग्रात टोचल्यासारखे दुखत असेल किंवा बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे थर असतील तर दोघांनाही एकत्र दाखवा.

अंथरुणाला खिळलेल्या आई किंवा सासूबाईंच्या बाबतीत त्या स्वतः सांगतील याची वाट पाहू नका. संकोचाने किंवा सवयीने सांगत नाहीत. स्पंजिंग करताना रोज सांगून, विचारून, हाताने अलगद उचलून बघा. त्वचा पातळ असते, म्हणून कपडा ओढून काढू नका, थोडा उचलून सरकवा.

चट्टा वारंवार येत असेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या. कधीकधी मधुमेहाची पहिली खूण हीच असते. आधीच मधुमेह असेल तर साखर चढलेली असताना कोणतेही मलम पूर्ण काम करत नाही.

डॉक्टरांकडे कधी, आणि जाताना

ताप, झपाट्याने पसरणारी सूज, चट्ट्याच्या मानाने फारच तीव्र वेदना, पू, काळी पडलेली त्वचा किंवा एका बाजूचे फोड असतील तर त्याच दिवशी. मधुमेह असेल किंवा केमोथेरपी चालू असेल तर ताबडतोब. एरवी आठवडा-दोन आठवडे नीट सुकवून, योग्य मलम लावून फरक नसेल तर.

घडीऐवजी एकाच स्तनाग्रावर किंवा त्याभोवतीच्या काळ्या वर्तुळावर खपलीसारखा चट्टा असेल, स्तनाची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खड्डेदार झाली असेल, काही आठवड्यांत स्तन लाल होऊन सुजला असेल किंवा गाठ लागत असेल, तर तो या लेखाचा विषय नाही. स्तनाची तपासणी लगेच करून घ्या.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा पुण्यात ससूनला, त्वचारोगाची ओपीडी असते. स्त्री परिचारिका सोबत असावी असे सांगण्यात गैर काही नाही. कड खरवडून घेतलेला कोंडा केओएच नावाच्या द्रावात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ही तपासणी स्वस्त आहे आणि बुरशी आहे की नाही हे बऱ्याचदा तिथल्या तिथे कळते. एरिथ्राझ्मा असेल तर वूड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याच्या प्रकाशात तो पोवळ्याच्या रंगाचा चमकतो. म्हणून त्या सकाळी घडी साबणाने धुऊ नका, नाहीतर चमकणारे द्रव्य धुऊन जाते. मलमही लावून जाऊ नका. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. 'पांढरी ट्यूब होती' एवढ्यावरून डॉक्टरांना स्टेरॉईड होते की नाही कळत नाही, आणि पुढचा उपचार बराचसा त्यावरच ठरतो.

चट्टा बरा झाल्यावर सावळ्या त्वचेवर काळसर डाग राहतो. तो सपाट असेल, खाजत नसेल, कोरडा असेल तर रोग गेलेला आहे आणि डाग कित्येक महिन्यांनी हळूहळू फिका होतो. तो काढायला स्क्रब, ब्लीच किंवा गोरेपणाची क्रीम घडीत लावू नका. त्या जळजळीने नवा दाह होतो आणि डाग आणखी गडद होतो. डागाची कड पुन्हा उंच झाली, तिथे खाज किंवा ओल सुरू झाली, तर उरलेली जुनी ट्यूब शोधण्याआधी तीन दिवस वारा, टिपणे आणि मधला कपडा यांवर भर द्या, आणि तरी वाढत असेल तर पुन्हा खरवडून तपासून घ्या.